उधारीच्या वहीतलं राजकारण

मी सरकारी आयटीआयमध्ये वीजतंत्री ट्रेडचा शिल्पनिदेशक होतो. हुद्दा सांगून कोणाला कळत नाही, म्हणून 'आयटीआयचा सर' एवढंच सांगतो. निवृत्त झाल्यावर जिल्ह्यात कुठेही एसटीतून उतरलो की एखादा जुना विद्यार्थी हाक मारतो. अहिल्यानगर जिल्हा क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठा, 17,048 चौरस किलोमीटरचा, 14 तालुक्यांचा. माझी मुलं मात्र ठरावीक ठिकाणीच सापडतात: नेवासा फाटा, घोडेगाव, राहुरी फॅक्टरी, सुपा, काष्टी, मिरजगाव. रस्त्याला लागून पत्र्याचं शेड, दारात सांडलेलं ऑइल, आत लेथ नाहीतर वेल्डिंग मशिन. बोर्डावर वर देवाचं नाव, खाली 'इंजिनिअरिंग वर्क्स' नाहीतर 'मोटर रिवाइंडिंग'. पुढे एक बाकडं असतं, आणि बाकड्यावर बसलेल्यांचं राजकारण चालू असतं.

राजकारणाचं आमच्याकडे कोणाला अप्रूप नाही. 1942 मध्ये काँग्रेस कार्यकारिणीचे नेते इंग्रजांनी नगरच्या किल्ल्यात आणून ठेवले आणि नेहरूंनी 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' तिथेच लिहिलं. सहकारी साखर कारखानदारी प्रवरेच्या काठावर उभी राहिली. 2011 मध्ये राळेगणसिद्धीच्या अण्णांनी दिल्ली हलवली. त्यामुळे इथला माणूस उसाच्या एफआरपीवरून थेट अमेरिकेच्या निवडणुकीवर जातो आणि त्याला मध्ये दमही लागत नाही. पण चहाच्या टपरीवरचं राजकारण आणि वर्कशॉपातलं राजकारण यांत मला फरक जाणवतो. टपरीवर माणूस पक्षाच्या बाजूने बोलतो. वर्कशॉपातला पंचवीस-तीस वर्षांचा मालक स्वतःच्या वहीच्या बाजूने बोलतो. दिल्लीचा कुठला निर्णय आपल्या शेडपर्यंत कसा पोचला, हे त्याला तारखेसकट पाठ असतं.

आता मोटरचंच घ्या. घोडेगावच्या बाजूला माझा एक विद्यार्थी मोटरी भरतो. शेतातली पाच किंवा साडेसात हॉर्सपॉवरची मोटर जळाली की शेतकरी ती ट्रॅक्टरच्या मागे टाकून आणतो. झाकण काढलं की जळक्या व्हार्निशचा वास शेडभर होतो. पोरगा आधी हत्यार लावत नाही, टॉर्च मारून नुसतं बघतो. सगळी वाइंडिंग सारखीच काळी पडली असेल तर व्होल्टेज कमी होतं, नाहीतर लोड जास्त होता. स्टार जोडणीच्या मोटरीत दोन फेजची कॉइल कोळसा झाली असेल आणि तिसऱ्या फेजची नव्यासारखी पिवळी राहिली असेल, तर डीपीवरचा, म्हणजे रोहित्रावरचा, एक फ्यूज उडाला होता आणि मोटर दोनच फेजवर चालत राहिली. मग तो शेतकऱ्याला शांतपणे विचारतो, "दादा, स्टार्टरचा रिले बायपास केला होता का?" दादा आभाळाकडे बघतात. त्यानंतर छिन्नीने एका बाजूची वेटोळी तोडायची, दुसऱ्या बाजूने पकडीने ओढून काढायची, वेढे मोजायचे, मायक्रोमीटरने तारेचा गेज घ्यायचा, प्रत्येक खाचेत नवा पेपर घालून नव्या कॉइल बसवायच्या, दोऱ्याने बांधायच्या, व्हार्निश मारून सुकवायच्या. वेढे मोजताना एखादा चुकला तरी मोटर गरम होते आणि चार दिवसांत परत येते, म्हणून मोजणी चालू असताना कोणी बोललेलं त्याला चालत नाही. बाकड्यावर तेवढा वेळ राजकारण बंद.

या कामाला लागणारं तांबं इथलं नाही, त्याचा भावही इथे ठरत नाही. तो लंडनच्या मेटल एक्स्चेंजवर ठरतो. मे 2024 मध्ये टनाला 11,000 डॉलरच्या वर गेला होता. पोरगा सकाळी मोबाइलवर आधी तांब्याचा भाव बघतो, मग मेसेज. शेतकरी मात्र गेल्या वर्षीचाच भाव धरून बसलेला असतो.

राज्य सरकारने 2024 मध्ये साडेसात हॉर्सपॉवरपर्यंतच्या शेतीपंपांचं बिल माफ केलं. बाकड्यावर त्याचं कौतुक झालं, आणि ते व्हायला हवंच होतं. माझ्या विद्यार्थ्याचं म्हणणं एवढंच: "सर, बिल माफ झालं, पण एका डीपीवर किती मोटरी चालतात हे कोण मोजणार?" रात्रीची लाइट, उसात बिबट्या, म्हणून शेतकरी ऑटो स्विच लावून घरी झोपतो. लाइट आली की त्या डीपीवरच्या सगळ्या मोटरी एकदम सुरू होतात, व्होल्टेज कोसळतं आणि सकाळी दोन मोटरी याच्या दारात. हे सांगताना तो हसतो, कारण त्याचा धंदा त्यावरच आहे. मी त्याला म्हटलं, "अरे, मग तुला दिवसाची लाइट नकोच असेल." तो म्हणाला, "असं कसं सर, माझीही दोन एकर आहे."

दिवसा वीज देण्यासाठी सौरऊर्जेवर कृषी फीडर चालवण्याची राज्याची योजना 2017 मधली, आणि तिचा एक पहिला प्रकल्प आमच्याच राळेगणसिद्धीला उभा राहिला. केंद्राची कुसुम योजना 2019 ची. सौर पंपाला शेतकऱ्याने 10 टक्के भरायचे, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याने 5 टक्के, बाकी सरकारचं. त्या पंपाची पाच वर्षं दुरुस्ती कंपनीकडे. म्हणजे ज्या योजनेला बाकड्यावरचे सगळे टाळ्या देतात, तीच रिवाइंडिंगवाल्याचं निम्मं गिऱ्हाईक नेते. त्याने तक्रार केली नाही. तो आता सौर पंपाचे कंट्रोलर उघडून बघायला शिकतोय. पाच वर्षं संपली की ते कोणाकडे येणार, हा हिशेब त्याने आत्ताच मांडलाय.

कांद्याचं प्रकरण या वहीत सर्वांत ठळक दिसतं. ऑगस्ट 2023 मध्ये केंद्राने कांद्याच्या निर्यातीवर 40 टक्के शुल्क लावलं आणि डिसेंबरात निर्यातच बंद केली. घोडेगावचं मार्केट, नेप्तीचं मार्केट, पारनेर, सगळीकडे भाव आपटले. त्या हिवाळ्यात मी या दुकानात गेलो तेव्हा भिंतीकडेच्या लोखंडी रॅकवर भरून तयार झालेल्या मोटरी ओळीने पडल्या होत्या. प्रत्येकीवर खडूने गाव आणि आडनाव. काम झालेलं, टेस्टिंग झालेलं, पण न्यायला कोणी येईना. येणार कसा? पैसे कांद्यात अडकले होते. प्रत्येक मोटरीतलं तांबं मात्र याने रोखीने आणलेलं. लोकसभेच्या निवडणुकीत आमच्याकडचं मतदान 13 मे 2024 ला झालं. निर्यातबंदी त्याआधी नऊ दिवस, 4 मे ला उठली, तीही 40 टक्के शुल्क ठेवून. नगर दक्षिणेत नीलेश लंके निवडून आले, शिर्डीत भाऊसाहेब वाकचौरे. दोन्ही जागा महाविकास आघाडीला. पुढे नोव्हेंबरात विधानसभेला जिल्ह्यातल्या 12 पैकी 10 जागा महायुतीने घेतल्या.

सहा महिन्यांत लोक एवढे कसे फिरले, यावर पुण्या-मुंबईच्या जाणकारांनी बरंच लिहिलं. माझ्या विद्यार्थ्याने एका वाक्यात सांगितलं, "मे महिन्यात रॅक भरलेलं होतं, नोव्हेंबरात रिकामं." कांद्याला तेव्हा खरोखरच भाव होता. अर्थात हे एकच कारण नव्हतं, हे त्यालाही माहीत आहे. लाडक्या बहिणीचे दरमहा दीड हजार जुलै 2024 पासून लागू झाले होते, वीजबिल माफ झालं होतं, आरक्षणाच्या आंदोलनाने गावागावांत वेगळीच मांडणी झाली होती. पण लोक कोणत्या तरी लाटेत वाहून गेले म्हणणाऱ्यांपेक्षा मला या पोराचं रॅक जास्त पटतं. निर्यात शुल्क शेवटी 1 एप्रिल 2025 ला पूर्ण निघालं. तोवर भाव पुन्हा पडायला लागले होते, आणि बाकड्यावरची भाषाही बदलली होती.

काष्टीच्या बाजूचा दुसरा एक विद्यार्थी नांगर, फण, पेरणी यंत्रं बनवतो. त्याच्याकडे गेलं की जीएसटीवर व्याख्यान ऐकावं लागतं, आणि ते ऐकण्यासारखं असतं. 22 सप्टेंबर 2025 पासून शेती अवजारांवरचा जीएसटी 12 टक्क्यांवरून 5 टक्के झाला. ट्रॅक्टरवरचाही झाला. शेतकरी खूश, दुकानदार खूश, टीव्हीवर बचत उत्सव. आता याचा हिशेब बघा. समजा त्याने 1,00,000 रुपयांचं लोखंड आणलं. लोखंडावर 18 टक्के, म्हणजे 18,000 रुपये कर त्याने आधीच भरला. त्या लोखंडाची अवजारं 1,50,000 ला विकली. पूर्वी 12 टक्क्यांनी त्याला गिऱ्हाइकाकडून 18,000 मिळायचे, भरलेला कर तिथेच वळता व्हायचा. आता 5 टक्क्यांनी मिळतात 7,500. उरलेले 10,500 रुपये पोर्टलवर त्याच्या नावाने जमा दिसतात, पण त्यातून लोखंडाची एक पट्टीही येत नाही. कायद्यात परताव्याची सोय आहे. त्यासाठी अर्ज, कागद, सीए आणि वाट बघणं आलं. मोठ्या कंपनीला त्याचं काही नाही, तिथे त्या कामाला माणूस ठेवलेला असतो. इथे मालकच वेल्डर, मालकच हिशेबनीस.

"मग कर कमी करायला नको होता का?" मी विचारलं.

"करायला हवाच होता, सर. फक्त लोखंडाकडेपण बघायला हवं होतं."

सरकारचं चांगलं ते चांगलं, राहिलं ते राहिलं, एका दमात आणि आवाज न चढवता. टीव्हीवरच्या चर्चेत हा पोरगा दोन मिनिटं टिकणार नाही.

याच शेडमध्ये बरेच वेल्डर बिहारचे आहेत. आपल्याकडची मुलं चार तास पोलीस भरतीच्या अभ्यासिकेत बसतात, पण वेल्डिंगच्या ठिणग्या नको म्हणतात, ही मालकाची नेहमीची तक्रार. ती पूर्ण खरी नाही. नव्या वेल्डरला पहिली दोन वर्षं जो पगार मिळतो, त्यात त्याने काय करावं, हेही मालकाने सांगायला हवं. असो. 2025 च्या ऑक्टोबरअखेरीस कामगार छठ पूजेला गावी गेले, आणि 6 व 11 नोव्हेंबरला तिकडे विधानसभेचं मतदान, म्हणून तिकडेच थांबले. इकडे 1 नोव्हेंबरला उसाचा गाळप हंगाम सुरू. ट्रॉल्यांचे हुक, चेसी, टायरगाड्यांचे आस, सगळी दुरुस्ती याच दिवसांत यायची. मालकाने स्वतः हेल्मेट चढवलं आणि रात्री उशिरापर्यंत वेल्डिंग मारलं. पाटण्याच्या निकालाची एवढ्या काळजीने वाट बघणारा माणूस श्रीगोंदा तालुक्यात दुसरा नसेल. कोण जिंकतंय याची त्याला पर्वा नव्हती, मतमोजणी संपून गाडी कधी सुटते याची होती.

आता योजनांकडे येतो, कारण वाचक विचारतील की सरकार एवढं देतंय, मग अडलं कुठे. 17 सप्टेंबर 2023 ला पंतप्रधान विश्वकर्मा योजना सुरू झाली. आधी 1 लाख, ते फेडल्यावर 2 लाख कर्ज, 5 टक्के व्याजाने, तारण नाही, प्रशिक्षणाच्या दिवसाला 500 रुपये, अवजारांसाठी 15,000. योजना चांगली आहे. राहुरीकडच्या एका लोहार कुटुंबातल्या माझ्या विद्यार्थ्याला तिचा उपयोग झाला. पण तिच्यातले 18 व्यवसाय बघा: सुतार, लोहार, कुंभार, सोनार, चांभार, न्हावी, परीट, शिंपी, गवंडी, कुलूपवाला, होडी बांधणारा, मासेमारीचं जाळं विणणारा वगैरे. यादी वाचताना त्रिंबक नारायण आत्र्यांचा 1915 सालचा 'गावगाडा' आठवतो. मोटर भरणारा त्यात नाही. लेथवाला नाही, गॅरेजवाला नाही, प्लंबर नाही, वायरमन नाही. म्हणजे आयटीआयमध्ये सरकारनेच ज्यांना सर्टिफिकेट दिलं, त्यांतले बहुतेक या यादीबाहेर.

यात एक गोष्ट बोलली जात नाही, ती मी बोलतो. जुने धंदे जातीला चिकटलेले होते. मोटर, लेथ, वेल्डिंग हे धंदे तसे नाहीत. माझ्या वर्गात मराठा, माळी, धनगर, वंजारी, मुसलमान, बौद्ध मुलं एकाच बाकावर कॉइल गुंडाळायची आणि आज त्यांची शेडंही एकमेकांशेजारी आहेत. गावगाड्यात जे घडलं नाही ते पत्र्याच्या शेडमध्ये घडलं. कर्ज काढायची वेळ आली की मात्र पुन्हा जात विचारली जाते. मराठा मुलगा अण्णासाहेब पाटील महामंडळाकडे व्याज परताव्याला जातो, दुसरा दुसऱ्या महामंडळाकडे, तिसऱ्याला मुद्रा. ज्याला जे मिळतं त्याने घ्यावं, माझा आक्षेप नाही. पण 'कुशल कारागीर' एवढ्याच नावाने त्यांना कोणी मोजत नाही, आणि ज्यांना कोणी मोजत नाही त्यांच्याकडे निवडणुकीत कोणी मत मागायलाही येत नाही. शेतकऱ्याचा मेळावा होतो, बचतगटाचा होतो, रिवाइंडिंगवाल्यांचा झालेला मी पाहिला नाही.

आयटीआयची किंमत सरकारदरबारी काय होती, हे एका आकड्यावरून कळतं. विद्यार्थ्याचं विद्यावेतन कित्येक वर्षं महिना 40 रुपये होतं. ते 500 झालं 2023 मध्ये.

नगर शहरात लष्कराची दोन मोठी केंद्रं आहेत, चिलखती दलाचं आणि यांत्रिकी पायदळाचं, त्यामुळे पहाटे सोलापूर रस्त्याला धावणारी पोरं हे नेहमीचं दृश्य. जून 2022 मध्ये अग्निपथ आलं, चार वर्षांची नोकरी, चारातला एक पुढे राहणार. बाकड्यावर यावर दोन तट आहेत. फौजेतून निवृत्त झालेले जुने लोक चिडून बोलतात. वर्कशॉपवाला मात्र विचारतो, "सर, ते परत येतील तेव्हा त्यांच्याकडे अकरा-बारा लाख असतील ना? एखादा भागीदारीत घ्यायला हरकत नाही. शिस्तीचा असेल आणि वेळेवर येईल." देशाच्या संरक्षण धोरणाकडे असं बघणं बरोबर की चूक, मला सांगता येणार नाही. पण सकाळी नऊला शेडवर येणारा माणूस मिळणं किती अवघड आहे, ते त्याच्याकडून शिकावं.

मुली? माझ्या वर्गात शेवटच्या काही वर्षांत दोन-तीन असायच्या. हात स्वच्छ, जोडणी सुबक, परीक्षेत पुढे. रस्त्यावर शेड मात्र त्यांतल्या एकीनेही टाकलं नाही. एक सुप्याच्या एमआयडीसीत पॅनेल वायरिंग करते, कंत्राटावर. सप्टेंबर 2023 मध्ये संसदेने महिलांना 33 टक्के जागा देण्याचा कायदा केला, तेव्हा मी तिला मुद्दाम विचारलं. ती म्हणाली, "जनगणना होणार, मग मतदारसंघ ठरणार, मग आम्ही. सर, तोवर आमच्या कंपनीत लेडीज टॉयलेट दुसऱ्या शेडमध्येच राहणार का?" यावर मला काही बोलता आलं नाही.

आणि लग्न. हा विषय राजकारणाचा नाही असं कोणी म्हणू नये. दुकान स्वतःचं, महिन्याची कमाई कंत्राटी इंजिनिअरपेक्षा जास्त, तरी मुलीकडचे विचारतात, "पुण्यात काही आहे का?" हे मुलींच्या बापांचं खूळ नव्हे. नोकरीत पगार एका तारखेला येतो. धंद्यात पैसे कधी येतील, हे स्वतः मुलालाच माहीत नसतं. दुखणं उधारीचं आहे. शेतकऱ्याची उधारी पिकावर, कंत्राटदाराची बिलावर, कंपनीची पुढच्या महिन्यावर.

याबाबत कायद्याने एक काम केलंय, ते मी प्रत्येक शेडमध्ये सांगत फिरतो. 2023-24 या आर्थिक वर्षापासून आयकर कायद्यात 43बी(एच) कलम आलं. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचं बिल करार असेल तर जास्तीत जास्त 45 दिवसांत, लेखी करार नसेल तर 15 दिवसांत द्यायचं. दिलं नाही तर प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत खरेदीदाराला तो खर्च आयकरात धरता येत नाही. याचा फायदा नुसत्या खरेदी-विक्रीवाल्या व्यापाऱ्याला नाही, वस्तू बनवणाऱ्याला आणि सेवा देणाऱ्याला आहे, म्हणजे मोटर भरणाऱ्याला आणि लेथवाल्याला आहे. अट एकच, उद्यम नोंदणी हवी. ती ऑनलाइन होते, आधारवर होते आणि तिला एक रुपयाही लागत नाही. हजार-दोन हजार मागणारा कोणी भेटला तर तो एजंट आहे, सरकार नव्हे. आणि बिल छापील द्या, पावती फाडताना लाजू नका. वहीतली पेन्सिलची नोंद कोणी मानत नाही.

कंपनीला हा कायदा लागू आहे, शेतकऱ्याला नाही, आणि लागू व्हावा असं मीही म्हणणार नाही. म्हणून शेतकरी भावांना माझी विनंतीच आहे: कांदा विकून पट्टी हातात पडली की घरी जाताना आधी मोटरवाल्याच्या दुकानावरून जा. त्याने तांबं रोखीने आणलेलं असतं.